संग्राह्य वस्तूंची परदेशात ऑनलाइन विक्री : कर, टपाल केंद्रे आणि पुरातनतेची अट
(छत्रपती संभाजीनगर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९३१ मध्ये चित्रमय टपाल तिकिटांची मालिका काढली. तीमधील आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार, तर एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चाँद मिनार आहे. मराठवाडा त्या काळी याच संस्थानाचा भाग असल्याने अशी तिकिटे, संस्थानी नाणी व जुने कागद येथील अनेक घरांत आढळतात. इंटरनेटमुळे त्यांना लंडन वा न्यूयॉर्कचा ग्राहक मिळू लागला आहे. मात्र ग्राहक मिळणे आणि वस्तू कायदेशीररीत्या त्याच्या हाती पडणे, या दोन भिन्न बाबी होत. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाबीचा विचार केला आहे.

वस्तूचे वय :

करापूर्वी वय पाहणे अगत्याचे आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी नाणी, शिल्पे, चित्रे व ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू पुरावशेष ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. केंद्र शासन वा त्याने प्राधिकृत केलेली संस्था यांखेरीज इतरांना पुरावशेषाची निर्यात करता येत नाही. उल्लंघनास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षांचा कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. म्हणजेच मुहम्मद तुघलकाची दौलताबाद टांकसाळीतील पितळी नाणी किंवा औरंगाबाद टांकसाळीचा मोगल रुपया, कितीही किंमत मिळत असली तरी, परदेशी पाठविता येत नाही. वयाविषयी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कायद्याने ठरावीक वर्ष नेमलेले नाही, वय नेमले आहे. त्यामुळे ही रेषा दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकते. वर उल्लेखिलेली १९३१ ची तिकिटे २०३१ मध्ये शंभरी गाठतील. त्यानंतर त्यांना ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू मानले गेल्यास तीही निर्यातबंदीच्या कक्षेत येऊ शकतील.

करव्यवस्था आणि पाठवणीचे केंद्र :

एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १६ अन्वये निर्यात ही शून्य दराची असते. व्यवसाय म्हणून विक्री करणाऱ्याने जीएसटी नोंदणी व आयात-निर्यात संकेतांक घेऊन हमीपत्र दाखल केल्यास कर न भरता माल पाठविता येतो. अथवा कर भरून परतावा मागता येतो. परंतु दोन्ही मार्गांत माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा विक्रेत्याच्याच नावाचा असावा लागतो.

खरी अडचण येथेच उद्भवते. पुष्कळदा परदेशी ग्राहक मुंबई वा दिल्लीतील एखाद्या खाजगी फॉरवर्डिंग केंद्राचा पत्ता देतो. विक्रेता पार्सल तेथे पाठवितो आणि पुढची पाठवणी ते केंद्र आपल्या किंवा ग्राहकाच्या नावाने करते. विक्रेत्यापाशी उरते ती केवळ देशांतर्गत कुरिअरची पावती. ग्राहक परदेशी, पैसाही परकीय चलनात. तरीही ही निर्यात आपली आहे, हे त्याला सिद्ध करता येत नाही. अशा स्थितीत तो व्यवहार देशांतर्गत पुरवठा ठरून कर विक्रेत्याच्याच माथी येण्याचा धोका असतो. म्हणून अशा केंद्राशी व्यवहार करताना निर्यात दस्तऐवजावर कोणाचे नाव व संकेतांक जाणार, हे लेखी ठरवून घ्यावे.

भारतीय टपाल खात्याने २०२२ पासून सुरू केलेली डाक घर निर्यात केंद्रे या दृष्टीने अधिक उपयुक्त आहेत. विक्रेता पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट ऑनलाइन भरून पार्सल जवळच्या केंद्रात देतो आणि सीमाशुल्क तपासणी फॉरेन पोस्ट ऑफिसमध्ये होते. त्यासाठी मुंबईची खेप करावी लागत नाही, व दस्तऐवज आरंभापासून विक्रेत्याच्या नावावर राहतो. शुल्क वाचविण्यासाठी मालावर 'भेटवस्तू' लिहिणे किंवा किंमत कमी दाखविणे हा प्रकार सर्रास चालतो. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पार्सल गहाळ झाल्यास भरपाई मागताना तीच कमी किंमत आडवी येते.

ग्राहकाच्या देशातील आकारणी :

युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून कमी किमतीच्या आयातीवरील मूल्यवर्धित कराची सूट काढून टाकली. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर हा कर विक्रीच्या वेळीच, बहुधा संकेतस्थळामार्फत, वसूल होतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबविली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला तेथील बहुतांश पार्सलसेवा स्थगित करावी लागली. ती १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पूर्ववत झाली, परंतु शुल्क भारतातच आगाऊ भरण्याच्या व्यवस्थेसह. पूर्वी हे शुल्क ग्राहकाच्या दारी मागितले जाई. आता ते विक्रेत्याच्या खर्चात आधीच धरावे लागते. असे दर अल्पावधीत बदलत असल्याने किंमत जाहीर करण्यापूर्वी टपाल खात्याकडे त्या दिवशीचा दर विचारून घेणे इष्ट होय.