एन्कोडरच्या नोंदी दुसरीकडे साठवा

थेट प्रक्षेपणात कॅमेऱ्याचे कच्चे एचडी चित्र सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिट इतके अवजड असते. एन्कोडर ते काही मेगाबिटांवर आणून पुढे पाठवतो. हे करताना तो सतत नोंदी लिहितो: कॅमेऱ्याचा सिग्नल तुटला, तापमान वाढले, नेटवर्कवर पॅकेट गळाले.

पण अनेक यंत्रांत या नोंदी तात्पुरत्या मेमरीत राहतात. यंत्र अडकले आणि कोणी घाईने वीज बंद करून पुन्हा चालू केली, की बिघाडाचा पुरावाच पुसला जातो. म्हणून नोंदी त्याच क्षणी दुसऱ्या संगणकावर पाठवायच्या. त्यासाठीची सिसलॉग ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या ईमेल प्रणालीबरोबर घडवली. तिच्यात प्रत्येक नोंदीला ० ते ७ अशी पातळी असते. ० म्हणजे यंत्रणा निकामी, ७ म्हणजे तपासणीपुरता बारीक तपशील. पातळी ७ कायम चालू ठेवू नये. त्या गर्दीत कामाची ओळ सापडत नाही.

जुन्या रीतीने नोंदी यूडीपीवरून पोर्ट ५१४ला जातात, आणि यूडीपी पोच मागत नाही. नेटवर्क डळमळले तर नेमक्या त्याच वेळच्या नोंदी हरवू शकतात. यंत्रात टीसीपी किंवा टीएलएसची सोय असेल तर तीच घ्यावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते घड्याळाकडे. एन्कोडर, स्विच आणि सर्व्हर यांच्या वेळा एनटीपीने जुळवलेल्या नसतील, तर आधी केबल सुटली की आधी पॅकेट गळाले, हे कितीही नोंदी वाचल्या तरी ठरवता येत नाही.