तीन आण्यांचा वाद : लोकसभेंतील डॉ. लोहिया

राज्य बहुमतानें चालतें, हें लोकशाहीचें पहिलें सूत्र होय. मग ज्याच्या पाठीशीं बहुमत नाहीं, अशा विरोधी सभासदाच्या तासन् तास बोलण्यानें काय साधतें, असा प्रश्न सामान्य नागरिकाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. ठरावाचा निकाल अखेर मतांच्या गणतीवर लागतो, आणि ती गणती बहुधा आधींच ठाऊक असते. या प्रश्नाचें उत्तर तात्त्विक चर्चेपेक्षां एखाद्या प्रत्यक्ष प्रसंगावरून अधिक चांगलें उमजतें. डॉ. राममनोहर लोहिया यांनीं १९६३ सालीं लोकसभेंत उपस्थित केलेला तीन आण्यांचा वाद हा असा एक प्रसंग आहे.

लोहियांचें नांव मराठी भाषिकांना अपरिचित नाहीं. १८ जून १९४६ रोजीं मडगांव येथें पोर्तुगीज सत्तेची सभाबंदी मोडावयास ते उभे राहिले, आणि तेथून गोव्याच्या मुक्तिलढ्याचें नवें पर्व सुरू झालें. त्यांचा जन्म २३ मार्च १९१० रोजीं आजच्या उत्तर प्रदेशांतील अकबरपूर येथें झाला. मिठावरील कर या विषयाचा अभ्यास करून त्यांनीं बर्लिन येथें डॉक्टरेट मिळविली. तेव्हां सरकारी आंकड्यांशीं त्यांची ओळख जुनी होती. १९६२ च्या निवडणुकींत फूलपूर मतदारसंघांत पंडित नेहरूंच्या विरुद्ध ते पराभूत झाले. पुढच्याच वर्षीं फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकींत विजयी होऊन ते प्रथमच लोकसभेंत आले.

तो काळ सरकारला कठीण होता. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धांतील पराभवाची जखम ताजी होती. ऑगस्ट १९६३ मध्यें आचार्य कृपलानी यांनीं मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेच्या इतिहासांतील हा अशा प्रकारचा पहिलाच ठराव. आपल्या राज्यघटनेप्रमाणें मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेस जबाबदार असतें. त्यामुळें अविश्वासाच्या ठरावावर बोलतांना सरकारच्या कोणत्याही धोरणाचा जाब विचारतां येतो. बहुतेक विरोधी सभासदांचा भर संरक्षण व परराष्ट्र धोरण यांवर होता. लोहियांनीं मात्र या विषयांबरोबरच गरिबाच्या दैनंदिन मिळकतीचा प्रश्न पुढें आणला.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : देशांतील सत्तावीस कोटि लोक, म्हणजे लोकसंख्येपैकीं सुमारें शेंकडा साठ लोक, दररोज दरडोई तीन आण्यांवर जगतात, उलट एकट्या पंतप्रधानांवर सरकारचे रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं सुरू होऊन आणा व्यवहारांतून जाऊं लागला होता, तरी लोकांच्या तोंडीं हिशेब आण्यांचाच होता. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे तीन आणे सुमारें एकोणीस नवे पैसे झाले. हा आंकडा सभागृहाबाहेर घरोघर पोंचला, याचें एक कारण तो कोणालाही समजण्याजोगा होता हें होय. पंचवार्षिक योजनेंतील कोट्यवधि रुपयांचे आंकडे फारसे कोणाच्या लक्षांत राहत नाहींत. तीन आण्यांत काय येतें व काय येत नाहीं, हें मात्र प्रत्येक गृहिणीस ठाऊक होतें.

पंडित नेहरूंनीं हा आंकडा अमान्य केला. दरडोई रोजची प्राप्ति पंधरा आणे आहे, असें सरकार पक्षाचें उत्तर होतें. दिवसाला पंधरा आणे म्हणजे वर्षाला सुमारें ३४२ रुपये. राष्ट्रीय उत्पन्नास लोकसंख्येनें भागलें असतां भागाकार साधारण तेवढाच येत असे. म्हणजे नेहरूंचा आंकडा निराधार नव्हता. मग तीन व पंधरा यांत पांचपटींचें अंतर कसें पडलें? याचें मुख्य कारण असें कीं, दोघे एकाच प्रश्नाचें उत्तर देत नव्हते. नेहरू सर्व भारतीयांची सरासरी सांगत होते. लोहिया तळच्या शेंकडा साठांविषयीं विचारीत होते.

सरासरीचें हें गूढ उकलण्यास एक साधें उदाहरण पुरेसें आहे. एका वाड्यांत दहा बिऱ्हाडें राहतात असें समजा. एका बिऱ्हाडाची मासिक प्राप्ति १,१०० रुपये आहे आणि उरलेल्या नऊ बिऱ्हाडांची प्रत्येकीं १०० रुपये. एकूण प्राप्ति २,००० रुपये झाली व सरासरी २०० रुपये. हिशेबांत चूक नाहीं. तरी त्या वाड्यांतील नऊ बिऱ्हाडांनीं दोनशे रुपये कधीं पाहिलेले नाहींत. पुढील वर्षीं त्या एका बिऱ्हाडाची प्राप्ति १,६०० झाली, तर सरासरी २५० होईल. वाड्याची भरभराट झाली असें कागदावर दिसेल, आणि नऊ चुलींवर मात्र पूर्वीइतकेंच शिजेल. राष्ट्राच्या बाबतींतही असेंच घडूं शकतें. वाढलेलें राष्ट्रीय उत्पन्न कोणाकडे गेलें, ही शंका सरकारलाही आलेली होती. तिच्या शोधासाठींच १९६० सालीं प्रा. महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली होती.

अविश्वासाचा ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनीं फेटाळला गेला. पण वाद तेथें संपला नाहीं. सप्टेंबरमध्यें या आंकड्यांवर लोकसभेंत पुन्हां चर्चा झाली, आणि सरकारच्या वतीनें श्री. गुलझारीलाल नंदा यांनीं तळच्या शेंकडा साठांचा आंकडा दिवसाला साडेसात आणे असा सांगितला. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. मिळकत आणि खर्च या भिन्न गोष्टी आहेत. शेतकरी घरचें धान्य खातो. त्याची किंमत धरावयाची कीं नाहीं, व धरल्यास कोणत्या भावानें, यावरही आंकडा खालींवर होतो. तरी एवढें निश्चित कीं, पंधरा आण्यांवरून सुरू झालेली सरकारी बाजू साडेसात आण्यांपर्यंत खालीं आली.

आणि साडेसात आणे म्हणजे काय? महिन्याचे सुमारें चौदा रुपये. १९६२ सालीं तत्कालीन नियोजन मंडळाच्या पुढाकारानें जमलेल्या तज्ज्ञ मंडळींनीं किमान जीवनमानासाठीं १९६०-६१ च्या भावांनीं दरडोई दरमहा वीस रुपये आवश्यक मानले होते. दिवसाला हे जवळजवळ पावणेअकरा आणे होतात. म्हणजे सरकारचा स्वतःचा आंकडा स्वीकारला, तरी देशांतील बहुसंख्य जनतेची सरासरी किमान गरजेहून बरीच खालीं होती. वादांत तीन आण्यांचा पक्ष हरला असें मानलें, तरी मूळ मुद्दा हरत नव्हता.

मग लोहियांचा तीन आण्यांचा आंकडा खरा होता काय? पुढील संशोधन त्यास पुष्टि देत नाहीं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांचा भारतांतील दारिद्र्याविषयींचा अभ्यास १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. १९६०-६१ च्या भावांनीं ग्रामीण भागांत दरडोई दरमहा पंधरा रुपये व शहरांत साडेबावीस रुपये ही त्यांनीं किमान पातळी धरली. तिच्या खालीं ग्रामीण जनतेपैकीं शेंकडा ४० आणि शहरी जनतेपैकीं शेंकडा ५० लोक होते. दरमहा पंधरा रुपये म्हणजे दिवसाला आठ आणे. खेड्यांतील शेंकडा साठ लोक जर आठ आण्यांवर खर्च करीत होते, तर देशांतील तळच्या शेंकडा साठांची सरासरी तीन आण्यांइतकी खालीं जाणें शक्य नाहीं. लोहियांचा आंकडा मिळकतीचा होता व हा खर्चाचा, हें मान्य करूनही तीन आणे हें मोजमाप कमीच पडतें. परंतु निम्मा देश दोन वेळच्या पुरेशा अन्नापासून फारसा दूर नव्हता, असें मात्र या अभ्यासानंतर कोणासही म्हणतां येईना.

लोहियांच्या इतर भूमिकाही याच एका सूत्रांत ओवलेल्या होत्या. कारखान्यांत तयार होणाऱ्या मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक नसावी, आणि धान्याचे भाव दोन हंगामांच्या दरम्यान फार चढूं वा पडूं नयेत, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी उत्तम येत असूनही ते सभागृहांत हिंदींत बोलत; राज्यकारभार ज्या भाषेंत चालतो ती भाषा जनतेस येत नसेल, तर जनतेला जाब कसा विचारतां येईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांची भाषा पुष्कळदां बोंचरी असे, आणि तिच्यामुळें त्यांचे मित्रही दुखावत, हेंही खरें आहे.

१२ ऑक्टोबर १९६७ रोजीं लोहिया निवर्तले. पुढें १९७४ सालीं सुरू झालेल्या पांचव्या पंचवार्षिक योजनेनें दारिद्र्यनिर्मूलन हें आपलें एक प्रमुख उद्दिष्ट म्हणून घोषित केलें. हें श्रेय एकट्या माणसाचें नव्हे. तथापि १९६३ पूर्वी सभागृहांत राष्ट्राची सरासरी सांगून भागत असे. त्यानंतर तळच्या माणसाचा आंकडा वेगळा काढून दाखवावा लागूं लागला. विरोधी सभासदाच्या हातीं सत्ता नसते, पण सरकारनें कोणत्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें हें तो कधीं कधीं ठरवूं शकतो. त्याचा आंकडा तपासून घ्यावा, चुकीचा ठरल्यास तसें स्पष्ट सांगावें. मात्र आंकडा चुकला म्हणून त्याचा प्रश्न मिटला असें समजूं नये.