काच फुगीर, फिल्टर कुठे?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एका चौकटीत मावावा म्हणून अतिवाइड लेन्स घ्यायची, तर आधी तिच्या पुढच्या काचेकडे बघा. निकॉनची २००७ची १४-२४ मिमी एफ/२.८ दृष्ट लागावी इतकी रेखीव चित्रं देते, पण तिची पुढची काच फुगीर आणि फिल्टरसाठी आटेच नाहीत. मग १५० मिमीच्या चौकोनी काचा आणि त्यांचा अवजड होल्डर गडावर वाहून न्या! त्याच कंपनीच्या मिररलेससाठीच्या १४-३० मिमी एफ/४ला साधा ८२ मिमीचा फिल्टर थेट बसतो. निसर्गचित्रणात बहुधा एफ/८ ते एफ/११वरच काम चालतं, त्यामुळे एफ/२.८चे जादा पैसे माझ्या मते वायाच. रात्री आकाशगंगा टिपणाऱ्यांचं गणित अर्थात वेगळं.

पोलरायझर मात्र जपून. निळ्या आकाशातला ध्रुवित प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो, आणि फुल-फ्रेमवर १४ मिमीचा कोन तब्बल ११४ अंशांचा. म्हणजे आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचं फिकट, जणू कुणी शाई सांडली. पावसाळ्यात ढग भरून आले की ही अडचण उरत नाही, उलट ओल्या कातळावरची, पानांवरची चमक मरते आणि हिरवा रंग खुलतो. धबधब्याला सहा स्टॉपचा एनडी पुरे: १/१५ सेकंदाचे साधारण ४ सेकंद होतात. एकावर एक फिल्टर चढवलेत, तर कोपरे काळवंडणार.