थेंबाथेंबांची नदी

तांदळाच्या डब्यात दडवलेली नोट सुरक्षित असते खरी, पण बिचारी कुणाच्या उपयोगी पडत नाही! बँक म्हणजे थेंबाथेंबांनी भरणारी नदी, असे जपानचे एइइची शिबुसावा सांगत. १८७३ साली त्यांच्या पुढाकाराने तिथली पहिली राष्ट्रीय बँक उघडली. पुढच्याच वर्षी तिची मोठी भागीदार, ओनो पेढी, बुडाली. बँकही बुडायची; पण ओनोंच्या फुरुकावा नावाच्या कारभाऱ्याने पेढीचा माल आपण होऊन बँकेच्या हवाली केला. बँक तरली. याच बँकेच्या पाठबळावर १८८३ मध्ये ओसाकाची १०,५०० चात्यांची सूतगिरणी फिरू लागली. १८९३ पासून जपानी बोटी मुंबईचा कापूस थेट नेऊ लागल्या. गिरण्या भांडवलावर चालतात. भांडवल मात्र विश्वासावर!