यंत्राला ‘बबीना’ ऐकू येते काय?

झाशीहून रेल्वेने दक्षिणेकडे निघाले म्हणजे सुमारे २५ किलोमीटरांवर बबीना हे स्थानक लागते. लष्कराची छावणी म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे. याच मार्गाने तालबेहट व ललितपूर मागे टाकून पुढे गेले की बीना जंक्शन येते. बबीना आणि बीना! कागदावर ही दोन नावे वाचताना कोणाची चूक होण्याचे कारण नाही. परंतु टेलिफोनवर बोलणाऱ्याने पहिला ‘ब’ थोडासा गिळला, तर बबीनाचे बीना व्हावयास कितीसा वेळ लागणार? या एका अक्षराच्या आधाराने आज आपणांपुढे एक नवा विषय मांडावयाचा आहे. तो म्हणजे ग्राहकांच्या टेलिफोनला माणसाऐवजी उत्तर देणारे, बोलणारे यंत्र.

टेलिफोनमधून माणूस हळूहळू दूर होत गेला, ही गोष्ट काही आजची नव्हे. पूर्वी परगावी बोलावयाचे असल्यास ट्रंक कॉल नोंदवावा लागे, आणि एक्सचेंजमधील ऑपरेटर तो जोडून देई. १९६० साली कानपूर व लखनौ या दोन शहरांमध्ये थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय झाली. भारतातील अशा सोयीचा तो आरंभ होय. अमेरिकेत १९६३ साली बटणांचा टेलिफोन आला. त्यातील प्रत्येक बटण दाबताच दोन ठरावीक सूर एकदम उमटतात आणि त्या जोडीवरून यंत्र आकडा ओळखते. ‘अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा’ ही आपल्या परिचयाची पद्धत त्यातूनच निघाली. आपल्या रेल्वेने १ जानेवारी २०२० पासून चौकशी व तक्रारी यांसाठी १३९ हा एकच क्रमांक ठेवला, तो याच धर्तीवर. बारा भाषांत उत्तर देणाऱ्या या सेवेत ताराचिन्हाचे बटण दाबले असता थेट माणसाशी बोलता येईल, अशीही योजना करण्यात आली.

बटणाचा सूर निःसंदिग्ध असतो. बोललेल्या शब्दाचे तसे नाही. म्हणूनच नवे यंत्र अधिक सोयीचे आहे आणि अधिक धोक्याचेही. त्याचे काम साधारणपणे चार टप्प्यांत चालते. प्रथम आपल्या आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते. टेलिफोनच्या जुन्या प्रमाण पद्धतीत आवाजाची मोजणी सेकंदास ८,००० वेळा होते आणि सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी पुढे जातात. उरलेले गाळले जातात. दुसऱ्या टप्प्यात या आकड्यांवरून कोणते शब्द उच्चारले गेले असावेत, याचा अंदाज केला जातो. तिसऱ्या टप्प्यात त्या शब्दांमागील हेतू ओळखून उत्तर जुळविले जाते. चौथ्या टप्प्यात ते उत्तर कृत्रिम आवाजात बोलले जाते. हे सारे एक-दोन सेकंदांत आटोपते, म्हणून समोर माणूसच आहे असा भास होतो.

यातील ‘अंदाज’ हा शब्द आपण नीट ध्यानात धरावा. यंत्राला पूर्वी बोललेल्या असंख्य वाक्यांवरून शिकविलेले असते. जे नाव त्यात वारंवार आले, त्याकडे यंत्राचा कल अधिक. बीना हे मोठे जंक्शन. बबीना हे छोटे स्थानक. आवाज अस्पष्ट आला की ते थोरल्याच्या बाजूने कौल देणार! जी गोष्ट गावाच्या नावाची, तीच बोलीची. मराठी मुलखातील उच्चार, झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील हिंदी वळणाची मराठी, बुंदेली लकबीची हिंदी, वृद्धांचा कापरा स्वर, हे सारे यंत्राच्या कानाला थोडे परकेच वाटते.

समजा, सातारा जिल्ह्यातील एक आई छावणीतील मुलाला भेटावयास निघाली आहे. बबीनास कोणती गाडी थांबते, असे तिने टेलिफोनवर विचारले. यंत्राने ऐकले ‘बीना’, आणि अत्यंत आर्जवाने बीनाची वेळ सांगितली. उत्तरात कोठेही अडखळणे नाही, शंका नाही. आता ती माऊली मध्यरात्री सुमारे १२५ किलोमीटर अलीकडेच उतरली, तर तो दोष कोणाचा? झाशीच्या एक्सचेंजमधील ऑपरेटरने तिला सहज विचारले असते, “बाई, छावणीचे बबीना ना?”

दोष कोणाचा, या प्रश्नाचे एक उत्तर कॅनडात मिळाले आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील संभाषण-यंत्राने आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका प्रवाशास भाडे-सवलतीची चुकीची माहिती दिली. तेथील संभाषण लेखी होते. तथापि तत्त्व तेच. यंत्र आपल्या बोलण्यास स्वतःच जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने २०२४ च्या फेब्रुवारीत तो फेटाळला आणि प्रवाशास भरपाई देवविली. यंत्र कोणाच्याही तोंडून बोलो, शब्द मालकाचाच, हा त्या निर्णयाचा मथितार्थ.

म्हणून यंत्र नकोच, असे मात्र माझे म्हणणे नाही. रात्री दोन वाजता ते उत्तर देते. शंभरदा विचारले तरी त्रासत नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ते बोलून काम करू देते. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला, त्यामागे हीच दृष्टी आहे. अपेक्षा एवढीच की, यंत्राने आरंभीच आपण यंत्र आहोत हे सांगावे; संशय येताच “झाशीजवळचे बबीना, की बीना जंक्शन?” असे उलट विचारावे, आणि तरीही उलगडा न झाल्यास झालेले सर्व बोलणे माणसाच्या हाती सोपवावे, म्हणजे ग्राहकाला तीच कर्मकहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.

आपणही थोडी दक्षता बाळगावी. गावाबरोबर जिल्ह्याचे नाव सांगावे, उत्तर पुन्हा वदवून घ्यावे, तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा. आणि पलीकडे माणूस असो वा यंत्र, आपला गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये.

बहुतेकांचे बहुतेक प्रश्न यंत्र सोडवील, यात शंका नाही. पण ज्याचे गाव लहान, बोली निराळी वा अडचण जगावेगळी, त्याच्यासाठी पलीकडे एक माणूस बसलेला असला पाहिजे. ताराचिन्हाचे ते बटण आपल्या टेलिफोनवरून कधी नाहीसे होऊ देऊ नये.