घरांतील पंखा कोणता घ्यावा ?

चैत्र लागला कीं पुण्यांतील तपकीर गल्लींत पंख्यांच्या गिऱ्हाइकांची दाटी होते. यंदा आम्हीही तेथें गेलों होतों. आमचें कुटुंब चौदा माणसांचें. घरांत पंखे सात, आणि सगळेच जुने. धाकट्या पुतण्याचा आग्रह असा कीं, ते सर्व एकदम काढून कमी वीज खाणारे नवे लावावे. मला मात्र आधीं हिशेब मांडून पाहावासा वाटला.

जुना छताचा पंखा पूर्ण वेगानें फिरतांना सुमारें 75 वॅट वीज घेतो. ‘बीएलडीसी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पंख्याला 30 वॅटच्या आसपास पुरतात. त्याच्या फिरत्या भागांत कायमचीं लोहचुंबकें बसविलेलीं असतात. त्यामुळें जुन्या पंख्यांत उष्णता होऊन वायां जाणारी वीज बरीचशी वांचते. पंखा दिवसास बारा तास चालला, तर महिन्याला त्या एका पंख्यामागें सोळा युनिटें वांचतात. महावितरणचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो. म्हणून वांचतात तीं महागाच्या टप्प्यांतलीं युनिटें. आणि कोयनेचें पाणी कितीही कामीं येवो, महाराष्ट्राची बरीचशी वीज अद्याप चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणीं कोळसा जाळूनच होते.

पण हा हिशेब बारा तास फिरणाऱ्या पंख्याचा झाला. देवघरांतला पंखा अर्धा तास फिरतो. (देवघरांत पंखा असावाच कशाला, निरांजन विझतें, असें माझें मत, तें घरांत कोणी मानीत नाहीं.) तो बदलून महिन्याला एक युनिटही वांचत नाहीं, आणि नव्या पंख्यासाठीं तांबें, लोखंड व चुंबकें मात्र खणून काढावीं लागतात. म्हणून आम्हीं तीनच पंखे घेतले : माजघराचा, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीचा आणि थोरल्या वहिनींच्या खोलीचा.

1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली आहे. तारे पाहावे, पण तेवढ्यावर थांबूं नये. तारे ठरतात ते भागाकारावरून : पंखा मिनिटाला जितके घनमीटर हवा लोटतो, त्या आंकड्याला वॅटांनीं भागावयाचें. आतां भाजक लहान असला कीं भाज्य बेताचें असूनही भागाकार मोठा येतो, हें चौथीचा मुलगाही सांगेल. यास्तव हवेचा आंकडा वेगळा विचारून घ्यावा. कमी वारा देणारा पंखा आणला, तर दुसरा टेबलावर येऊन बसतो आणि सगळी बचत खातो.

माजघरांत पंखा बसविणाऱ्यानें भिंतींतला जुना रेग्युलेटर तसाच ठेवला. नवा पंखा गुणगुणूं लागला, अडखळूं लागला. रेग्युलेटर काढल्यावर तो सुरळीत चालला. वहिनींची अडचण निराळी. त्यांचें वय ब्यायशी. पंख्याचा रिमोट पहिल्याच रात्रीं गादीखालीं गेला, आणि पहांटेस गारठा पडला तरी त्यांना वारा कमी करतां येईना. तो पंखा बदलून भिंतींतल्या खटक्यानें वेग कमीजास्त होणारा त्याच जातीचा आणला. थोडे पैसे अधिक पडले. वृद्ध माणसांच्या खोलीसाठीं हें दुकानांतच विचारावें.

पंखा खोली थंड करीत नाहीं, अंगावरचा घाम वाळवितो. पूर्वीं विंझणा, म्हणजे संस्कृतांतील व्यजन, हातांत असे, तेव्हां रिकाम्या खोलीला कोणी वारा घालीत बसत नसे. आमच्या घरीं अजूनही जेवणाची हांक आली कीं अभ्यासाच्या खोलींत पंखा एकटाच फिरत राहतो.

काढलेले तीन पंखे गच्चीवरच्या खोलींत आणि पडवींत लावावे, अशी सूचना निघाली होती. तसें केलें असतें, तर सातांचे दहा झाले असते आणि बिल होतें तेथेंच राहिलें असतें. मीं ते मोडीत घातले. आंतल्या तांब्याला भाव बरा आला.