प्रतिसरकारकालीन लोकजीवन, सातारा–सांगली

प्रतिसरकारकालीन लोकजीवन, सातारा–सांगली : ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस, १९४३ ते १९४६ या काळात, तत्कालीन सातारा जिल्ह्यातील अनेक गावांचा कारभार भूमिगत कार्यकर्त्यांच्या संघटनेने चालविला. हिलाच प्रतिसरकार किंवा लोकभाषेत ‘पत्री सरकार’ म्हणतात. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग मोडत असे. १९४९ साली विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. वाळवा, तासगाव, कराड, खानापूर व शिराळा हा कृष्णा–वारणा खोऱ्याचा व त्यालगतचा टापू प्रतिसरकारचा गाभा होय.

या सरकारचा इतिहास बहुधा मोर्चे, रेल्वेवरील हल्ले आणि खजिन्यांची लूट यांच्याद्वारे सांगितला जातो. शेणोली येथे ७ जून १९४३ रोजी आगगाडी लुटण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे भागात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना पळविण्यात आला. तथापि असे प्रसंग मोजकेच होते. संघटनेला गावकऱ्यांनी तीन वर्षे पोसले व लपविले ते प्रामुख्याने दुसऱ्याच कारणासाठी : शेताचा बांध, सावकाराचे गहाणखत, गुंडाचा जाच, लग्नाचा खर्च अशा रोजच्या अडचणींत तिने हात घातला म्हणून.

१९४२ च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इ. ठिकाणच्या कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे निःशस्त्र मोर्चे गेले. तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला. परंतु ९ सप्टेंबरला वडूज येथे व १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. यानंतर मोर्चांचा मार्ग खुंटला. धरपकड आणि सामुदायिक दंड यांमुळे पोलिसांचे बळ राजकीय कार्यकर्त्यांच्या मागे लागले, आणि गावोगावचे दरोडेखोर व गावगुंड यांना मोकळे रान मिळाले. त्यांतील काही जण पोलिसांचे खबरे म्हणूनही वावरत. युद्धकाळातील महागाई व टंचाई यांची त्यात भर होती. धान्य, साखर, रॉकेल व कापड हे जिन्नस सरकारी दराने मिळणे दुरापास्त झाले आणि काळा बाजार माजला. नाना पाटील (१९००–७६), किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड, पांडू मास्तर प्रभृती कार्यकर्त्यांनी गुंडांचा बंदोबस्त हाती घेतला, तेव्हाच खऱ्या अर्थाने प्रतिसरकार सुरू झाले असे म्हणता येईल. नाना पाटील हे येडेमच्छिंद्र या गावचे. चळवळीत येण्यापूर्वी त्यांनी तलाठ्याची नोकरी केली होती. गावाचे दप्तर आणि शेतकऱ्याची बोली या दोहोंची त्यांना असलेली जाण त्यांच्या भाषणांतून दिसे.

न्यायदान हा या कारभाराचा कणा होय. न्यायमंडळापुढे फिर्याद नेण्यास मुद्रांक लागत नसे, वकील लागत नसे व तालुक्याला हेलपाटे घालावे लागत नसत. पंच गावातच बसत. दोन्ही बाजू लोकांसमक्ष ऐकून निकाल दिला जाई. भाऊबंदकी, बांधाचे व वाटणीचे तंटे, बळकावलेली जमीन, टाकलेली बायको, स्त्रियांची छेडछाड अशा फिर्यादी येत. गहाण पडलेल्या जमिनी काही ठिकाणी मूळ मालकांना परत देवविण्यात आल्या. या पद्धतीला जवळचा पूर्वानुभव होता. प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र असलेले कुंडल हे औंध संस्थानातील तालुक्याचे ठिकाण. या संस्थानाने १९३९ च्या राज्यघटनेन्वये ग्रामपंचायतींना न्यायदानाचे अधिकार दिले होते. पंचांचा न्याय ही तेथील लोकांना नवलाची गोष्ट नव्हती, ही बाब प्रतिसरकारच्या बऱ्याच वर्णनांतून सुटते.

शिक्षा मात्र कठोर असत. दंड व सामाजिक बहिष्कार यांखेरीज तळपायांवर काठीने मारण्याची शिक्षा विशेष गाजली. बैलाच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकतात, त्यावरून ‘पत्री सरकार’ हे नाव पडले असे मानतात. ‘प्रति’ या शब्दाचा तो अपभ्रंश असल्याचेही म्हटले जाते. माणसांच्या पायांत खरोखरच पत्रे ठोकत ही समजूत दूरवर पसरली होती. कार्यकर्त्यांनी ती नाकारली आहे. काही खबरे व दरोडेखोर ठारही मारले गेले. गावकऱ्यांना या दराऱ्याचा उपयोग झाला. बायका निर्धास्तपणे शेतावर जाऊ लागल्या, चोऱ्या घटल्या, ही आठवण पुढेही दीर्घकाळ सांगितली जाई. परंतु ज्या न्यायाला वरचे अपील नव्हते आणि ज्याची अंमलबजावणी फिर्याद घेणाऱ्या संघटनेच्याच हाती होती, त्यात चुकीला व सूडाला वाव होता हेही नाकारता येत नाही.

संरक्षणासाठी ‘तुफान सेना’ उभारण्यात आली. सातारा हा सैन्यभरतीचा जुना जिल्हा असल्याने कवायत व शिस्त यांची ओळख घरोघर होती. सैनिक बहुतेक तरुण शेतकरीच होते. ते दिवसा उसात, डोंगरात किंवा वस्तीवर राहत व रात्री प्रवास करीत. त्यांच्या भाकरीचा भार गावातील स्त्रियांवर होता. निरोप पोहोचविणे, शस्त्रे लपविणे, पोलिसांना चुकीची वाट दाखविणे ही कामेही त्यांनी केली. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील, कासेगावच्या इंदुताई पाटणकर, नागनाथ नायकवडींच्या मातोश्री लक्ष्मीबाई ही त्यांतील काही ज्ञात नावे. बहुसंख्य स्त्रियांची नोंद कोठेच झालेली नाही. न्यायमंडळांत पंच म्हणून त्यांना क्वचितच स्थान होते.

सामाजिक सुधारणांमध्ये ‘गांधी विवाह’ सर्वांत लोकप्रिय ठरला. हुंडा नाही, वाजंत्री नाही, जेवणावळी नाहीत; वधूवर खादीच्या कपड्यांत आणि सुताचे हार एवढ्यावर लग्न लागे. लग्नापायी कर्ज व कर्जापायी जमीन गहाण हा क्रम ज्या कुटुंबांनी अनुभवला होता, त्यांना यातील अर्थ समजावून सांगावा लागला नाही. जी. डी. लाड यांचा १९४५ मधील विवाह याच पद्धतीने झाला व त्यास प्रचंड जनसमुदाय लोटला. दारूबंदी, वाचनालये, अस्पृश्यतानिवारण यांचाही प्रचार झाला. या सर्वांमागे सत्यशोधक चळवळीने या भागात आधीच केलेली मशागत होती. पोवाडे व सभा यांचे वळण पुष्कळसे सत्यशोधक जलशांचेच होते.

प्रतिसरकारचे वर्णन काही वेळा समाजवादी राज्य असे केले जाते. अच्युतराव पटवर्धनांसारख्या समाजवादी नेत्याचे मार्गदर्शन त्यास लाभले आणि श्रीमंत व व्यापारी यांच्यावर त्याने वचक बसविला, हे खरे. पण जमिनीचे फेरवाटप झाले नाही. कूळ, शेतमजूर व महार-मांग वस्ती यांच्या स्थितीत मूलभूत पालट झाला नाही; नेतृत्वही मुख्यतः जमीन असलेल्या शेतकरी कुटुंबांतून आले होते. सावकाराला दरारा बसला, सावकारी गेली नाही.

एप्रिल १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेण्यात आली व भूमिगत कार्यकर्ते प्रकट झाले. त्याबरोबर न्यायमंडळे बंद पडली व तंटे पुन्हा तालुक्याच्या कचेरीत जाऊ लागले. जानेवारी १९४८ मधील गांधीहत्येनंतर याच भागात ब्राह्मणांची अनेक घरे जाळण्यात आली. पुढे कार्यकर्त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. काही काँग्रेसमध्येच राहिले, तर काही शेतकरी कामगार पक्षात गेले. १९४२ च्या लढ्यास कम्युनिस्ट पक्षाचा विरोध होता. पण नाना पाटील पुढे त्याच पक्षात गेले व १९५७ मध्ये सातारा भागातून, १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. अनेकांनी सहकारी संस्था उभारल्या. वाळवा येथील साखर कारखान्यास २५ फेब्रुवारी १९४५ रोजी पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारले गेलेले किसन अहिर यांचे नाव देण्यात आले.